मदत हवी आहे: रोटरी इंजिनची कॉम्प्रेशन टेस्ट

गरम झाल्यावर गाडी स्टार्टच घेत नाही, म्हणून काल माझदाच्या १३बी इंजिनची (दोन रोटरचं, पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात) कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते, तपासली. साधा गेज रोटरच्या तीन फेसेसपैकी (बाजूंपैकी) सर्वांत जास्त आकडा धरून बसतो, त्यामुळे आतला व्हॉल्व्ह काढला. इंजिन गरम, इंधन-इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. पुढचा रोटर छान: ठक, ठक, ठक. मागचा मात्र ठक, ठक, फुस्स! दोनदा पाहिलं, तेच.

१० सेकंदांत ३६ ठोके मोजले, म्हणजे २१६ आरपीएम (बॅटरी जरा म्हातारीच आहे). कॉम्प्रेशनचे प्रमाण आकडे २५० आरपीएमला धरतात, मग माझं रीडिंग त्याला कसं बसवायचं?

दुसरं, एपेक्स सील (रोटरच्या टोकावरची, दोन फेसेसच्या मधली पट्टी) गेलं तर शेजारचे दोन फेस पडायला हवेत ना? इथे एकच पडलाय. मग साइड सील (रोटरच्या सपाट अंगावरची पट्टी) गेलंय, की कार्बनने अडकलंय? इंजिन उघडण्याआधी काय करून बघू?