मदत हवी आहे: २० टनी पोकलेन दीड-दोन तासांनी एकदम थांबते, इंजिन मात्र चालूच

शेततळे_मोहोळ
नमस्कार. सोलापूरजवळ मोहोळ तालुक्यात शेततळ्याच्या खोदाईवर २० टनी पोकलेन आहे. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, म्हणजे २४ व्होल्टची सिस्टिम. सकाळी मशीन व्यवस्थित चालते. ऊन चढलं (सध्या दुपारी ४२-४३ अंश) की दीड-दोन तासांत बूम, आर्म, बकेट, स्विंग, चेन सगळं एकाच क्षणी बंद. इंजिनचा आवाज तसाच, आरपीएम पडत नाही, मॉनिटरवर कोड नाही. इंजिन बंद करून पंधरा मिनिटं थांबलं की चालू होते, अर्धा तास चालते, पुन्हा तेच.

ऑइलची लेव्हल बरोबर आहे, तापमानाचा काटा हिरव्यात आहे, पायलट (जॉयस्टिकमागच्या कमी दाबाच्या ऑइल लाइनचा) फिल्टर नवा, फ्यूज शाबूत. इंजिन चालू ठेवून पायलट सोलेनॉइडचा (विजेवर उघडणाऱ्या व्हॉल्व्हचा) कप्लर म्हणजे वायरचा प्लग काढून मीटर लावला तर २७.४ व्होल्ट दाखवतो, म्हणजे करंट येतोय. सोलेनॉइडची कॉइल (तारेचं वेटोळं) गार असताना ३० ओहम. मिस्त्री म्हणतात पायलट पंप गरम झाला की प्रेशर सोडतोय, पंप उतरवू. उतरवावा का?

चोवीस_व्होल्ट
पंप उतरवू नका. झिजलेला पायलट पंप असा वागत नाही. त्याचं प्रेशर ऑइल पातळ होईल तसं हळूहळू उतरतं: आधी जॉयस्टिक जड वाटते, मग हालचाल मंदावते. तुमच्याकडे एका झटक्यात सगळं बंद होतंय. म्हणजे पायलट लाइनचा दरवाजाच बंद होतोय, आणि तो दरवाजा म्हणजे सेफ्टी लिव्हरचा (सीटजवळच्या, सगळ्या हालचाली रोखणाऱ्या दांड्याचा) सोलेनॉइड.

खात्री करायची तर पायलटच्या टेस्ट पोर्टला ० ते ६० किलोचा (दर चौरस सेंटीमीटरला) गेज लावा. बऱ्याच मशीनना ३५ ते ४० किलो असतं, तुमच्या मॅन्युअलचा आकडा खरा धरा. गेज लावण्याआधी बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, चावी ऑन ठेवून जॉयस्टिक चारही बाजूंना फिरवा, म्हणजे अडकलेलं प्रेशर निघून जाईल. गेज सोलेनॉइडच्या आधी आहे की नंतर, हेही बघा. आधीच्या पोर्टवर ३५ आणि नंतरच्या पोर्टवर शून्य आलं, तर पंप निर्दोष आहे.

आता तुमचे २७.४ व्होल्ट. कप्लर काढून मोजलं की वायरमधून करंट वाहतच नाही, मीटर तर अगदी नगण्य ओढतो. कुजलेल्या तारेची एक काडी शिल्लक असली तरी पूर्ण व्होल्ट दिसतात. कप्लर जोडलेला ठेवा, मागच्या रबरातून पातळ टाचणी सरकवून कॉइलच्या दोन्ही पिनांवर मोजा, आणि तेही मशीन बंद पडलेली असतानाच. गार मशीनवरच्या रीडिंगला अर्थ नाही.

त्याच वेळी इंजिन आयडलवर, बकेट जमिनीवर, स्विंगच्या घेऱ्यात कोणी नाही, ऑपरेटर सीटवर पण जॉयस्टिकला हात न लावता, एवढं सांभाळून एकेक तुकडा मोजा:
– बॅटरी प्लस ते सेफ्टी लिव्हरच्या स्विचची आतली पिन
– स्विचच्या दोन पिनांमध्ये
– स्विचची बाहेरची पिन ते कॉइल प्लस
– कॉइल मायनस ते बॅटरी मायनस
प्रत्येक ठिकाणी अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी यायला हवं. जिथे जास्त, तिथे दोष.

कॉइल_आणि_कप्लर
वरच्याशी सहमत. फक्त गरम कॉइल मोजून घाबरू नका. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. २५ अंशाला ३० ओहम असलेली कॉइल ८५ अंशाला ३७ च्या आसपास दाखवणारच, ती चांगली आहे. गरम असताना मीटर काहीच दाखवेना, तरच आतली तार तुटली समजा.

मीटरच्या आधी एक सोपी खूण: कॉइलच्या नटाला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवा. करंट असेल तर चिकटतं.

आणि एक प्रश्न. बंद पडल्यावर इंजिन बंद न करता फक्त सेफ्टी लिव्हर वर करून पुन्हा खाली टाकून पाहिलंय का? उतरताना ऑपरेटर लिव्हर उचलतो, बसताना टाकतो. कदाचित मशीन गार झाल्यामुळे नाही, या हालचालीमुळेच चालू होत असेल.

शेततळे_मोहोळ
आज दुपारी तीनला बंद पडली तेव्हा मोजलं. स्क्रूड्रायव्हर जेमतेम चिकटतो. कॉइलवर ९.८ व्होल्ट. बॅटरी ते स्विच ०.२, स्विचच्या दोन पिनांमध्ये १७.२, स्विच ते कॉइल ०.१, कॉइल मायनस ते बॅटरी मायनस ०.१. मग लिव्हर तीनदा वर-खाली केला, मशीन लगेच चालू! पंधरा मिनिटं थांबायची गरजच नव्हती.

चोवीस_व्होल्ट
बेरीज करा, बरोबर २७.४ येते. म्हणजे मोजणी चोख आहे आणि दोष स्विचमध्येच. हिशेब असा: गरम कॉइल ३६ ओहम धरली तर ९.८ व्होल्टला करंट फक्त ०.२७ अँपिअर, लागतो पाऊण. तेवढ्यावर सोलेनॉइडला स्प्रिंगविरुद्ध स्पूल (व्हॉल्व्हची सरकती दांडी) धरवत नाही. उरलेले १७.२ व्होल्ट स्विचच्या जळक्या संपर्कात खर्च होतात, म्हणजे साडेचार वॅटहून जास्त उष्णता त्या इवल्याशा प्लॅस्टिकमध्ये. वरून केबिनचं ऊन. म्हणून तापला की बिघडतो, बिघडला की आणखी तापतो. लिव्हर हलवला की संपर्क घासले जातात आणि काही वेळ बरे होतात.

नवा स्विच टाका, त्याच रेटिंगचा. डीसी अँपिअर बघून घ्या, एसीचा आकडा इथे चालत नाही.

शेततळे_मोहोळ
स्विच सोलापुरात शोधतोय. तोवर स्विचच्या दोन वायर थेट जोडून काम चालवू का? तळ्याचं काम पाऊस यायच्या आत उरकायचंय.

कॉइल_आणि_कप्लर
नाही, कृपया नको. वायर जोडल्या की लिव्हर वर असतानाही जॉयस्टिक जिवंत राहते. उतरताना कपडा अडकला की बूम फिरेल, आणि तळ्यात खाली माणसं असतात. खात्रीसाठी दोन मिनिटं जोडून बघणं वेगळं, काम करणं वेगळं.

स्विच कशामुळे जळला, तेही बघा. कॉइल बंद होताना उलटा झटका मारते, शेकडो व्होल्टचा. तो गिळायला कॉइलला आडवा डायोड (एकाच दिशेने करंट जाऊ देणारा भाग) असतो, बऱ्याचदा कप्लरजवळ टेपमध्ये गुंडाळलेला. तो डायोड तुटला असेल तर दर वेळी लिव्हर उचलताना स्विचमध्ये ठिणगी पडते, आणि नवा स्विचही असाच जाईल. मीटरच्या डायोड सेटिंगवर, कॉइलपासून सोडवून, एका बाजूने ०.५ ते ०.७ व्होल्ट आणि उलट बाजूने काहीच नाही, असं आलं पाहिजे. नसेल तर १एन५४०८ नंबरचा डायोड घ्या, टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मिळतो. पांढऱ्या पट्ट्याची बाजू कॉइलच्या प्लसला. उलटा जोडला तर लिव्हर टाकताच फ्यूज उडेल.

शेततळे_मोहोळ
कप्लरजवळची टेप सोडली. डायोडचा एक पाय तुटलेला आहे.