मदत हवी आहे: शोधप्रकल्पातली दोन रीडिंग सगळा ग्राफ बिघडवतायत

नमस्कार. मुलगी नववीत आहे. शालेय विज्ञान-अभियांत्रिकी संशोधन स्पर्धेसाठी तिने विषय घेतलाय: शेवग्याच्या बियांनी गढूळ पाणी किती निवळतं? विषय तिचा, मांडणी तिची. मी फक्त बरण्या धुतल्या, त्यातली एक फोडली.

पद्धत अशी. चाळलेली माती पाण्यात ढवळून रात्रभर ठेवायची, वरचं गढूळ पाणी सहा बरण्यांत एकेक लिटर घ्यायचं. सोललेल्या बियांची पूड अनुक्रमे ०, ५०, १००, २००, ४०० आणि ८०० मिलिग्रॅम. मिनिटभर जोरात ढवळायचं, मग पंधरा मिनिटं हळू, मग अर्धा तास हात लावायचा नाही. गढूळपणा मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही. म्हणून तळाला काळी फुली काढलेली उंच नळी घेतली. पाणी ओतत जायचं आणि वरून बघताना फुली दिसेनाशी झाली की उंची लिहायची. उंची जास्त म्हणजे पाणी स्वच्छ.

रीडिंग आली ती अशी: ६, ९, १७, ३१, २२, ११ सेंटिमीटर.

२०० पर्यंत झकास, पुढे उलटंच. एका अनुभवी माणसाने सांगितलं, "शेवटची दोन काढून टाका, ग्राफ सरळ वर गेला की जज खूश." लेक तेव्हापासून फुगून बसली आहे. काढायची का? शिवाय हा प्रकल्प विज्ञानात टाकायचा की अभियांत्रिकीत? आणि पाण्यातले जंतू कमी झाले का हे बघायला तिला घरीच पेट्री डिशमध्ये ते वाढवायचे आहेत. चालेल ना?

चौकस:
ताई, ती दोन रीडिंग काढलीत तर प्रकल्पात उरेल काय? बियांनी पाणी निवळतं हे जुनंच आहे. तुमच्या लेकीला नेमकं सापडलंय ते त्या दोन आकड्यांत.

मातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात आणि तरंगत राहतात. बियांतल्या प्रथिनांवर धन भार असतो. ती कणांना चिकटली की भार फिटतो, कण गोळा होऊन खाली बसतात. पण प्रथिनं जास्त झाली की कणांवर धन भार चढतो आणि ते पुन्हा एकमेकांना ढकलू लागतात. दुसरं कारण साधं आहे: पुडीतला न विरघळणारा भागच पाणी गढूळ करतो.

यातलं कुठलं, हे कसं ओळखायचं? स्वच्छ पाण्यात ४०० आणि ८०० मिलिग्रॅम टाकून तेच सगळं करा. ते पाणीही ढगाळ झालं तर दोष पुडीचा. शिवाय माती दुप्पट असलेलं पाणी घेऊन बघा. भाराची गोष्ट खरी असेल तर सर्वांत स्वच्छ पाणी देणारी मात्रा २०० च्या पुढे सरकायला हवी.

प्रयोगवही:
चौकस यांना पूर्ण अनुमोदन. माझं एक टोचणारं निरीक्षण: प्रत्येक मात्रेचं एकच रीडिंग दिसतंय. किमान तीनदा करा, दर वेळी क्रम बदलून. आणि नळी वाचणाऱ्याला मात्रा माहीत नको. फुली "दिसेनाशी" होणं हा डोळ्यांचा खेळ आहे, मनात आकडा असला की डोळे त्याच्या बाजूने जातात. बरण्यांना क, ख, ग अशा चिठ्ठ्या लावा आणि वाचायचं काम तुम्ही घ्या. (बरणी न फोडता.)

विज्ञान की अभियांत्रिकी? "असं का होतं" हा प्रश्न असेल तर विज्ञान. गाळणी किंवा मात्रा मोजून टाकणारं साधन बनवून, तपासून सुधारत असाल तर अभियांत्रिकी. तुमचं सध्या पहिलं आहे, उगाच डबा जोडू नका.

जजच्या खुशीबद्दल: आयसेफ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत १०० पैकी ३५ गुण सादरीकरणाला असतात, त्यातले २५ मुलाखतीचे. "८०० ला काय झालं?" हा प्रश्न लपवून ठेवणारं मूल मुलाखतीत अडखळतंच.

सावली:
जंतूंचं घरी अजिबात करू नका. आयसेफच्या नियमांत घरी जंतू वाढवायला मनाई आहे, अगदी निरुपद्रवी समजले जाणारेसुद्धा. नमुना घरी गोळा करता येतो, पण तो लगेच प्रयोगशाळेत न्यावा लागतो. अशा प्रकल्पाला प्रयोग सुरू करण्याआधी समितीची मंजुरी लागते, मागाहून सही घेऊन भागत नाही. तुमची स्पर्धा वेगळी असेल तर तिची नियमावली आधी वाचा. बरीच पोरं इथेच बाद होतात आणि ते बघवत नाही.

पोस्टरवर "पिण्यायोग्य पाणी" असं लिहू नका. पाणी निवळशंख दिसलं तरी जंतू उरू शकतात, आणि पुडीतले सेंद्रिय पदार्थ पाण्यात राहिल्याने साठवल्यावर जंतू पुन्हा वाढतात. "गढूळपणा कमी झाला" एवढंच मोजलंय, तेवढंच लिहा.

धागाकर्ती:
सर्वांचे आभार. जंतू रद्द. काल स्वच्छ पाण्यातला प्रयोग तीनदा केला. नळी ६० सेंटिमीटरची आहे. ४०० ला पूर्ण भरूनही फुली दिसत होती, ८०० ला ती सरासरी ३८ सेंटिमीटरला दिसेनाशी झाली. म्हणजे ८०० ला पुडीचा हात आहे, पण गढूळ पाण्यात थेट ११ का, हे एवढ्याने सुटत नाही. आणि ४०० ला तर पुडीवर बोट ठेवताच येत नाही. दुप्पट मातीचं पाणी आज रात्री निवळायला ठेवलंय.

फुगवा गेला. तिची वही चाळली तर एका पानावर वेळेसकट नोंद सापडली: "बरणी ४ आईने फोडली, ही फेरी रद्द."