रिकाम्या गाळ्याचा सर्वात फायद्याचा वापर कसा ठरवायचा?

मदत हवी आहे. मालकीचा तळमजल्यावरचा गाळा रिकामा आहे, साधारण 1,800 चौरस फूट. दर्शनी भाग अरुंद, आत लांबलचक; मागच्या अर्ध्या भागात उजेड नाही. पार्किंग नाहीच. कर्ज नाही आणि विकायचाही नाही.

मालमत्तेच्या मूल्यांकनात वापरतात त्या चार कसोट्या लावतोय: कायद्याने चालेल का, जागेत बसेल का, खर्च निघेल का, आणि उरलेल्यांत सर्वाधिक मूल्य कशात. पहिल्या दोन झाल्या. दुकान, कार्यालय, दवाखाना चालेल. खानावळ नाही, कारण धुराडं वर नेता येत नाही. (दलालांचा सल्ला अर्थातच 'जो येईल त्याला द्या'.) रस्त्यावरची वर्दळ वेगवेगळ्या वेळी मोजली: माणसं भरपूर, थांबणारी कमी.

अडलंय तिसऱ्या कसोटीवर. दवाखान्यासाठी नळजोडणी, सांडपाणी, वाढीव वीजभार, सगळं करावं लागेल. भाडं चांगलं येईल, पण तो भाडेकरू गेला की हा खर्च पुढच्याच्या कामाचा नाही. पुढे दुकान, मागे साठवण असे दोन भाग स्वस्तात होतील, पण मागच्या भागाला स्वतंत्र दार नाही.

अशी तुलना करताना फेरबदलाचा खर्च तुम्ही फक्त लॉक-इनच्या काळात (ज्यात भाडेकरूला करार मोडून जाता येत नाही) वसूल व्हायला हवा असं धरता, की पूर्ण करारावर विभागता? आणि मध्ये गाळा रिकामा राहण्याचे महिने कशावरून ठरवता?