बोटाचं फ्रॅक्चर आणि सोनोग्राफी
दहीहंडीच्या रात्री ठाण्यात एक्स-रेला रांग लागते, तेव्हा बोटाचं फ्रॅक्चर सोनोग्राफीवर दिसेल का, हा प्रश्न रास्त आहे. दिसतं, पण लिनियर प्रोब (मशीनचा सपाट तोंडाचा, अंगावर धरायचा भाग) हवा, १० मेगाहर्ट्झच्या वरचा. सुजलेल्या बोटावर दाबू नका. हात कोमट पाण्याच्या टबात ठेवा, प्रोबचं फक्त टोक बुडवा, त्वचेपासून सेंटिमीटरभर लांब. पडद्यावर हाडाची पांढरी रेघ तुटलेली किंवा पायरीसारखी सरकलेली दिसली की फ्रॅक्चर समजा. मुलांमध्ये वाढीच्या कूर्चेची फट हमखास फसवते. दुसऱ्या हाताशी ताडून बघा. स्कॅफॉइडचं (मनगटातल्या, अंगठ्याच्या बाजूच्या छोट्या हाडाचं) फ्रॅक्चर मात्र नजरेतून निसटतं. अंगठ्यामागच्या खळगीत दुखत असेल तर स्प्लिंट लावून १०-१४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे. आणि हो, मशीनची पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा) नोंदणी हवीच, हात बघायलासुद्धा.