पोपटमासा पाहिलाय? तुमचे अनुभव लिहा

मला हा मासा दिसण्याआधी ऐकू आला. कट्, कट्, कट्. दाताखाली खडा यावा तसा आवाज, पाण्यात सगळीकडून. मग हातभर लांबीचा, मोरपंखी रंगाचा मासा खडकाचे लचके तोडताना दिसला. त्याचे दात जुळून पोपटासारखी चोच होते, म्हणून हे नाव. तुम्हाला कसा दिसला? काय करत होता? सविस्तर लिहा.

* * *

रंगावर जाऊ नका, मी फसलो आहे. वहीत दोन मासे वेगळे लिहिले होते: एक तपकिरी, थव्याने चरणारा, दुसरा निळा-हिरवा, एकटा. निघाले एकाच जातीचे! तपकिरी बहुतेक माद्या. त्यांतली एखादी पुढे नर होते आणि तेव्हा हे भडक रंग चढतात.

* * *

माझा अनुभव रात्रीच्या डाइव्हचा. टॉर्च कपारीत वळवला तर आत पोपटमासा आडवा, डोळे उघडे (पापण्या नसतातच), अजिबात हालचाल नाही. आणि त्याच्याभोवती काचेसारखा पातळ फुगा, त्यावर वाळूचे कण चिकटलेले. कल्ल्यांजवळच्या ग्रंथींतून पाझरणाऱ्या चिकट द्रवाचा हा कोश तो रोज रात्री नव्याने विणतो. रक्त पिणारे बारीक समुद्री किडे त्याने दूर राहतात. संशोधकांनी कोश काढून पाहिला, तर जवळजवळ सगळ्याच माशांना किडे चावले. कोशातल्या दहांपैकी एखाद्यालाच.

आमच्यातल्या एकाने बोट लावलं. फुगा फाटला, मासा दचकून अंधारात निघून गेला. पुन्हा कोश न विणता ती रात्र त्याने कशी काढली असेल, हे अजून मनातून जात नाही. कृपा करून हात लावू नका.

* * *

वरच्या ताईंना पुस्ती: सगळ्या जाती कोश करत नाहीत. मी कपारीत नुसतेच झोपलेलेही पाहिलेत.

* * *

मागून पोहत होते, तेवढ्यात त्याच्या शेपटीखालून पांढरा लोट निघाला. ती वाळू! त्याच्या घशात दातांचं दुसरं जातं असतं. त्यात खडक दळून त्यातलं शेवाळ पचतं, उरलेलं बाहेर पडतं. मालदीवच्या वक्कारू बेटावरच्या २०१५ च्या अभ्यासात तिथल्या रीफवर (प्रवाळांच्या खडकावर) तयार होणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून जास्त वाळू पोपटमाशांची निघाली. किनाऱ्यावर अनवाणी चालताना मला आता दर वेळी तो लोट आठवतो.

* * *

मी त्याला 'सफाई केंद्रा'वर पाहिलं, म्हणजे मोठे मासे छोट्या माशांकडून अंग साफ करून घेतात त्या जागी. डोकं वर, शेपूट खाली, तोंड उघडं, अगदी उभा. बोटभर लांबीचा निळा सफाईमासा बिनधास्त कल्ल्यांत शिरून बाहेर येत होता. खडक फोडणारी ती चोच जराही मिटली नाही. माझी हवा संपत आली, वर यावं लागलं. तो तसाच उभा होता.