परदेशी पर्यटकांमुळे शहर आणि खेडे यांच्या उत्पन्नातील दरी कमी होते का?

गोदाकाठ (प्रश्न):
परदेशी पर्यटक आला की पैसा खेड्यापर्यंत झिरपतो, असे नेहमी सांगितले जाते. नाशिकपुरते पाहिले तर हे पटायला हवे, कारण इथल्या वायनऱ्या शहरात नसून गंगापूर धरणाच्या काठी आणि दिंडोरीच्या शिवारात आहेत. तरीही पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतील आदिवासी कुटुंबे आजही दरवर्षी द्राक्षबागांत मजुरीसाठी उतरतात. मग हा पैसा नेमका कुठे अडतो? इतर देशांत काय घडले आहे?

अर्थशास्त्राचा शिक्षक:
पर्यटक कुठे झोपतो यापेक्षा त्याच्या बिलातील रक्कम कोणाकोणात वाटली जाते, हे आधी पाहावे लागते. विमान कंपनी, आरक्षणाचे संकेतस्थळ, हॉटेलचा मालक आणि बाहेरून मागवलेला माल यांचे वाटे वजा केल्यावर उरते ते गावाचे. या प्रकाराला गळती म्हणतात.

मेक्सिकोतील कानकुन हे याचे बोलके उदाहरण आहे. जवळजवळ निर्मनुष्य किनाऱ्यावर सरकारने १९७० च्या सुमारास आखणी करून हे पर्यटनशहर वसवले आणि युकातान द्वीपकल्पातील मका पिकवणाऱ्या माया खेड्यांतून माणसे तिथे बांधकामाला, पुढे हॉटेलांत कामाला गेली. त्यांनी घरी पाठवलेल्या पैशांवर खेड्यांत पक्की घरे उभी राहिली, हे खरे. पण खेड्याचे उत्पन्न वाढले ते खेड्यातील धंद्यामुळे नव्हे, तर खेडे सोडून गेलेल्या माणसांमुळे. आकडेवारीत मात्र दोन्ही सारखेच दिसते.

याउलट बालीमध्ये दक्षिणेकडील बाडुंग जिल्हा हॉटेल आणि उपाहारगृहांवरील कराचा काही भाग कमी पर्यटक येणाऱ्या जिल्ह्यांना देतो. आपल्याकडे हॉटेलच्या बिलावरील जीएसटी केंद्र आणि राज्याकडे जातो आणि ग्रामपंचायतीच्या हाती मुख्यतः घरपट्टी राहते. माझ्या मते दरीचे उत्तर पर्यटकांच्या संख्येपेक्षा या वाटणीत अधिक आहे.

दिंडोरीचा बागायतदार:
गुरुजींचे म्हणणे मान्य आहे, पण गाव म्हणजे एकच माणूस नव्हे. मी वायनरीशी करार करून द्राक्षे देतो. पर्यटक वायनरीच्या गच्चीवर बसून एका पेल्याला किती मोजतो, याचा माझ्या करारातील किलोच्या भावाशी काहीही संबंध नसतो. फायदा झाला तो रस्त्यालगतची जमीन असलेल्यांचा. ज्यांनी योग्य वेळी विकली त्यांनी शहरात फ्लॅट घेतले. छाटणी आणि विरळणी करणाऱ्या टोळीची मजुरी वाढली, पण ती मजूर मिळेनासे झाले म्हणून, परदेशी पाहुण्यांमुळे नव्हे. तेव्हा शहर आणि खेडे यांची सरासरी जवळ आली तरी खेड्याच्या आत दोन थर पडतात, आणि ते सरासरीत दिसत नाहीत. शिवाय आमच्याकडे येणारा बहुतेक पाहुणा मुंबई-पुण्याचाच असतो, परदेशी क्वचित.

इगतपुरीकर:
परदेशी माणूस पाहायचा असेल तर आमच्याकडे यावे! धम्मगिरी या ध्यानकेंद्रात १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे होतात आणि जगभरातून साधक येतात. मात्र तिथे दहा दिवसांच्या शिबिरात जवळजवळ सारा काळ मौन असते आणि राहण्याजेवणाचे शुल्क नसून सारे दानावर चालते. त्यामुळे गावात खर्च होतो तो मुख्यतः रिक्षाचा आणि शिबिर संपल्यावरच्या एखाद्या जेवणाचा. विपश्यना हे पर्यटन नव्हे, हे मलाही कळते. पण परदेशी पाय लागले की पैसा येतोच, या समजुतीला हे उत्तर आहे.

गोदाकाठ:
सर्वांचे आभार. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाने शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात पाहुणे ठेवता येतात. त्याने गळती कमी होईल का?

दिंडोरीचा बागायतदार:
माझी होईल, कारण खोल्या माझ्या आणि स्वयंपाकाची भाजीही माझ्याच रानातली. पेठहून येणाऱ्या टोळीतील अनेकांच्या नावावर मात्र सातबाराच नाही. त्यांना त्या खोल्यांची झाडलोट मिळेल, आणि तीही मी बोलावले तर.