विश्वास असला की कसंही वागा?

"येशूवर विश्वास ठेवला की तारण, म्हणजे पापातून सुटका, पक्कं; मग ख्रिस्ती माणसानं कसंही वागावं," असं काही जण म्हणतात. हे मला अजिबात पटत नाही. तारण कृपेनं, विश्वासाद्वारे मिळतं, कर्मांनी नव्हे, असं येशूचा प्रेषित पौल बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात (२:८-९) म्हणतो खरा. पण लगेच दहाव्या वचनात आपण सत्कर्मांसाठीच घडवले गेलो, असंही सांगतो. लोक नेमके तिथवर पोचायच्या आत थांबतात! बायबलमधल्याच दुसऱ्या पत्रात याकोब तर कृतीवाचून विश्वास मेलेला आहे, असं ठणकावून सांगतो.

जालन्यात आमच्या शेजारी एक ख्रिस्ती मावशी आहेत. दुष्काळात गल्लीतले बाकी बोअर आटले, तेव्हा सगळ्यांच्या घागरी यांच्या दारात. "मावशी, लई पुण्य लागंल तुम्हाला," असं कुणी म्हटलं की म्हणायच्या, "पुण्यासाठी नाही बाबा, देवानं मला आधीच फुकट दिलंय."

कर्मांनी तारण मिळत नाही, हेही खरंच. येशूच्या शेजारी वधस्तंभावर (क्रूसावर) मरणाऱ्या चोराला सत्कर्मं करायला वेळच नव्हता, तरी येशूनं त्याला सुखलोकाचं वचन दिलं. सोळाव्या शतकात तारण विश्वासानं की कर्मांनी, याच प्रश्नावरून कॅथलिक आणि लुथरन (मार्टिन लूथरला मानणारे प्रोटेस्टंट) दुरावले. ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये दोघांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या: देव स्वीकारतो तो केवळ कृपेनं, आणि तीच कृपा सत्कर्मांना बळ देते.